आल्याच्या नावातला रॉस्को : प्रकल्प नोंदी

२ जून २०२३

कॉलेजच्या बागेत आल्याच्या कुळाचा स्वतंत्र वाफा तयार झाला. आलं, हळद, आंबेहळद, कचोरा, काळी हळद, वेलची आणि कडेला सोनटक्का. बेणं लावून झालंय, पाऊस मात्र लांबलाय, म्हणून सध्या झारीनेच पाणी चालू आहे. पाट्या आणि त्यांच्या सोबतची छोटी मराठी पुस्तिका विभागाने माझ्याकडे सोपवली.

आल्याचं पूर्ण शास्त्रीय नाव 'झिंजिबर ऑफिसिनाले रॉस्को' असं लिहितात. शेवटचा शब्द नाव देणाऱ्याचा. कचोऱ्याच्या नावाच्या शेवटीही तोच रॉस्को. बागांमधल्या पाट्यांवर जागा वाचवायला हा शब्द गाळतात. मी तो ठेवणार आहे, आणि पुस्तिकेची निम्मी पानं त्या माणसाला देणार आहे.

विल्यम रॉस्को वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक वगैरे नव्हता. भाजी पिकवणाऱ्याचा मुलगा, मग वकील, मग लिव्हरपूलमधला बँकर आणि शेवटी थोडे महिने त्या शहराचा खासदार. त्या शहराची तिजोरी गुलामांच्या व्यापारावर भरत होती, आणि त्या शहरातून निवडून जाऊन त्याने त्याच व्यापाराविरुद्ध मत दिलं. आपल्या घरात आल्याशिवाय सकाळचा चहा होत नाही, आणि त्या आल्याला नाव देणारा माणूस आपल्याला ठाऊक नाही, हे मला मनापासून खटकतं.

९ जून

सुरुवात त्याच्या लहानपणापासून. आधार म्हणून त्याच्या मुलाने, हेन्रीने, १८३३ साली लिहिलेलं दोन खंडांचं चरित्र समोर ठेवलंय. मुलाने बापावर लिहिलंय हे लक्षात ठेवून वाचायचं. तारखा घ्यायच्या आणि विशेषणं सोडायची.

जन्म ८ मार्च १७५३. जागा माउंट प्लेझंट, तेव्हा लिव्हरपूलच्या वेशीवरचा उंचवटा. वडिलांचा भाजीमळा होता आणि जोडीला ते पब चालवत. बाराव्या वर्षी पोराची शाळा सुटली, कारण मास्तरांकडे शिकवण्यासारखं आणखी उरलं नव्हतं. पुढची काही वर्षं तो मळ्यात राबला. बटाट्यांची टोपली डोक्यावर घेऊन बाजारात जायचं, हे त्याचं काम. झाडांशी त्याची ओळख अशी झाली, हातात माती घेऊन. पुढे त्याने जे वनस्पतिशास्त्र केलं ते वाचताना हे सतत जाणवतं. पानाफुलाकडे बघायची त्याची नजर लागवड करणाऱ्याची आहे.

१७६९ साली तो वकिलाकडे उमेदवारीला लागला. कामाच्या आधी पहाटे मित्रांबरोबर लॅटिन आणि इटालियन. १७७४ मध्ये वकिलीची सनद मिळाली. १७८१ साली जेन ग्रिफिसशी लग्न झालं आणि पुढे दहा मुलं झाली.

एक गोष्ट पुस्तिकेत स्पष्ट करून सांगायला हवी. घराणं युनिटेरियन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरचं. अशा लोकांना नगरपालिकेच्या पदांपासून दूर ठेवणारे कायदे १८२८ पर्यंत होते. म्हणून लिव्हरपूलच्या सार्वजनिक जीवनात रॉस्को जिथे जिथे दिसतो, तिथे तो नगरपालिकेच्या बाहेर राहून काही उभारताना दिसतो. वाचनालय, चित्रप्रदर्शन, बाग, विद्यासंस्था. पदाची खुर्ची त्याला बंद होती.

२१ जून

आज लिव्हरपूलच्या व्यापाराचा भाग लिहिला. लिहिताना हात जड झाला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेतून माणसं पकडून अमेरिकेत आणि कॅरिबियन बेटांवर विकणाऱ्या जहाजांचं युरोपातलं सगळ्यात मोठं बंदर लिव्हरपूल होतं. त्या बंदरातून निघालेल्या जहाजांनी साधारण १५ लाख माणसं अटलांटिकपार नेली. त्यातली कितीतरी वाटेतच मेली. हा धंदा फक्त जहाजमालकांचा नव्हता. दोरखंड वळणारे, पिंपं करणारे, बंदुका आणि कापड पुरवणारे, विमा उतरवणारे, हुंड्या वटवणारे, सगळ्यांचा त्यात वाटा होता. गावात कुणाच्याही घरी जेवायला बसलं तरी ताटात त्या पैशाचा घास असायचाच.

अशा गावात रॉस्कोने १७७७ साली छापलेल्या 'माउंट प्लेझंट' या कवितेत या व्यापाराचा धिक्कार केला. कविता म्हणून ती ठीकठाक आहे, पण त्या वेळी इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरोधी चळवळ संघटित व्हायला अजून दहा वर्षं होती. १७८७-८८ मध्ये 'द रॉंग्ज ऑफ आफ्रिका' ही दीर्घ कविता दोन भागांत आली. तिचं उत्पन्न त्याने हा व्यापार बंद पाडायला झटणाऱ्या लंडनच्या समितीला दिलं. १७८८ मध्येच रेमंड हॅरिस नावाच्या पाद्र्याने बायबलचे दाखले देऊन गुलामांचा व्यापार धर्मसंमत ठरवणारी पुस्तिका काढली. लिव्हरपूल नगरपालिकेने खूश होऊन त्याला १०० पौंड दिले. रॉस्कोने त्याच बायबलमधले दाखले काढून तिचं खंडन छापलं.

यातलं बरंचसं लेखन निनावी होतं. त्यावरून त्याला भित्रा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याचे अशील म्हणजे तेच जहाजवाले आणि त्यांच्या हुंड्यांवर जगणारे. गावात राहून, रोज त्यांच्याशी व्यवहार करून, त्यांच्या विरोधात लिहीत राहायचं हे कठीण काम. डॉक्टर जेम्स करी, व्यापारी विल्यम रॅथबोन, अंध कवी एडवर्ड रश्टन अशी चार-सहा माणसं एकमेकांना धरून होती, म्हणून ते जमलं. रश्टन स्वतः गुलामांच्या जहाजावर खलाशी होता. कैद्यांमध्ये पसरलेल्या डोळ्यांच्या साथीत त्याची दृष्टी गेली. त्याला पुस्तिकेत चौकट द्यावी असं मनात आहे.

४ जुलै

अखेर चांगला पाऊस. हळदीला कोंब आले, आल्याचे अजून मागे आहेत.

आज लोरेंझोचं प्रकरण पटकन उरकलं. रॉस्कोला युरोपभर नाव मिळालं ते १७९६ साली आलेल्या, फ्लॉरेन्सवर सत्ता चालवणाऱ्या आणि कलांना आश्रय देणाऱ्या लोरेंझो द मेडिचीच्या चरित्रामुळे. तो इटलीत कधीच गेला नाही. बँकर घराण्यातला त्याचा मित्र विल्यम क्लार्क फ्लॉरेन्सला राहिला होता. त्याने तिथल्या ग्रंथालयांतून हस्तलिखितांच्या नकला करून पाठवल्या आणि त्यांवर लिव्हरपूलमध्ये बसून हा ग्रंथ उभा राहिला. छापलाही लिव्हरपूललाच, जॉन मॅक्रीरीच्या छापखान्यात. पुढे १८०५ मध्ये दहाव्या लिओ पोपचं चरित्र आलं.

या सगळ्यामागे त्याचा एक ठाम विश्वास होता. व्यापारी शहराने विद्या आणि कला पोसली पाहिजे, नाहीतर ते नुसतं गोदाम राहतं. फ्लॉरेन्स त्याच्या डोळ्यांसमोर होतं. १७९७ मध्ये निघालेल्या लिव्हरपूल अथेनियम या वाचनसंस्थेतही तो होता, आणि ती संस्था आजही चालू आहे. वकिली त्याने १७९६ मध्येच सोडली. उरलेलं आयुष्य पुस्तकं, शेती आणि झाडं असा बेत होता.

१५ जुलै

बँक. पुस्तिकेतला सगळ्यात अवघड भाग हाच, कारण विद्यार्थ्यांना आजची बँक माहीत आहे आणि ती डोळ्यांसमोर ठेवून हा माणूस कळत नाही.

१७०८ च्या कायद्याने बँक ऑफ इंग्लंड सोडून इतर कुठल्याही बँकेत सहापेक्षा जास्त भागीदार ठेवायला बंदी होती. त्यामुळे लंडनबाहेरच्या बँका म्हणजे दोन-चार घरांची भागीदारी असायची. मर्यादित जबाबदारी हा प्रकार नव्हताच. बँक बुडाली तर प्रत्येक भागीदाराचं घर, जमीन, पुस्तकं, भिंतीवरची चित्रं सगळं देण्यात जायचं. लँकेशायरमधल्या बँकांचा मोठा व्यवहार हुंड्यांचा. कापसाच्या किंवा साखरेच्या व्यापाऱ्याने तीन महिन्यांनी पैसे देईन असं लिहून दिलेला कागद हातोहात फिरायचा, पाठीवर सह्या वाढत जायच्या आणि बँक कसर कापून तो वटवायची. सगळा डोलारा सहीच्या पतीवर. लंडनच्या बँकेने हात आखडला की इथे रोख पैसा आटायचा.

१७९९ मध्ये क्लार्कांची बँक अडचणीत आली. लोरेंझोसाठी नकला करून देणाऱ्या मित्राच्या घरची बँक. निस्तरायला त्यांनी रॉस्कोला बोलावलं. वकील म्हणून त्याची पत होती, हिशेबाची जाण होती. हिशेब लागल्यावर त्यांनीच गळ घातली की भागीदार हो. त्याच वर्षी त्याने ॲलर्टन हॉल ही मोठी वास्तू घेतली होती. तो भागीदार झाला. निवृत्तीचा बेत तिथेच संपला.

आता मुद्द्याचं. १८०२ मध्ये या बँकेत थॉमस लेलँड भागीदार म्हणून आला. लेलँड लिव्हरपूलचा तीनदा महापौर झालेला माणूस, आणि गावातल्या सगळ्यात मोठ्या गुलाम-व्यापाऱ्यांपैकी एक. १८०३ साली त्याच्या 'एंटरप्राइज' जहाजाच्या कप्तानाला दिलेल्या सूचनांचं पत्र छापील स्वरूपात उपलब्ध आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बॉनीला जा, माणसं भर, हवानाला ने. भाषा अगदी कारकुनी. हे पत्र निघालं तेव्हा 'लेलँड, क्लार्क्स अँड रॉस्को' या पेढीच्या पाटीवर दोघांची नावं एकत्र होती.

मी हे वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही.

१६ जुलै

सहकारी बाईंशी बोललो. त्यांचं म्हणणं, पुस्तिका वनस्पतींची आहे, पोरं अठरा-एकोणीस वर्षांची, लेलँड कशाला? चांगल्या माणसाचं चांगलं तेवढं सांगू. त्यांच्या बोलण्यात कळकळ होती, तरी मी नाही म्हणालो. लेलँड वगळला तर रॉस्कोचं १८०७ मधलं मत हे हवेत दिलेलं मत ठरतं. लेलँड ठेवला की त्याची किंमत कळते, आणि रॉस्कोने पंचवीस वर्षं विरोधात लिहूनही त्या पैशाशी भागीदारी केली, हेही कळतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही छापायचं. बाई शेवटी म्हणाल्या, मग नीट लिहा, घाईत नको.

५ ऑगस्ट

लिव्हरपूलचं वनस्पती उद्यान. रॉस्को आणि मित्रांनी वर्गणीदार गोळा करून १८०२ मध्ये ही संस्था काढली आणि १८०३ मध्ये बाग उघडली. जॉन शेफर्ड तिचा पहिला प्रमुख. बंदर असल्याचा फायदा असा की जगभरातून येणाऱ्या जहाजांतून बिया आणि कंद यायचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्याच्या बागेतून विल्यम रॉक्सबर्गने झाडं पाठवली. आल्याच्या कुळाचा खरा खजिना भारतात आणि पूर्व आशियात. लांबच्या प्रवासात जिवंत राहतं ते कंद असलेलं झाड, म्हणून या कुळातल्या जाती लिव्हरपूलच्या काचघरात फुलू लागल्या. वाळवून दाबलेल्या नमुन्यात हे फूल कागदाला चिकटून ओळखू येईनासं होतं. जिवंत फूल हातात आलं तरच त्याची रचना उलगडते. रॉस्कोकडे जिवंत फुलं होती.

वाफ्यातला कचोरा छान फुटलाय. वेलचीने मात्र मान टाकली आहे, सावली कमी पडतेय.

२६ ऑगस्ट

आज दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर सोनटक्क्याचं फूल उलगडलं. फुलांचा वास अख्ख्या प्रयोगशाळेत भरला होता.

मुलं ज्याला पाकळी म्हणतात तो मोठा पांढरा पसरट भाग पाकळी नाही. ते दोन वांझ पुंकेसर जुळून झालेलं ओठासारखं अंग. खऱ्या पाकळ्या मागे अरुंद, लोंबत्या. काम करणारा पुंकेसर एकच. आणि कुक्षिवृंत, म्हणजे मादी अंगाचा बारीक दोरा, त्या एकुलत्या पुंकेसराच्या खोबणीतून वर जाऊन परागकोशाच्या दोन कप्प्यांच्या मधून डोकं बाहेर काढतो. एका मुलीने सुईने तो दोरा अलगद सोडवला तेव्हा सगळ्यांनी श्वास रोखला होता.

वनस्पतींच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने एकाच पुंकेसराच्या सगळ्या वनस्पती एका वर्गात टाकल्या होत्या आणि आत गोंधळ होता. आलंही त्याने 'अमोमम'मध्ये, म्हणजे मोठ्या वेलदोड्याच्या गोतावळ्यात घातलं होतं. रॉस्कोने विचारलं, पुंकेसर एकच असेल तर त्याचा आकारच का बघू नये? आल्यात परागकोशाच्या वर चोचीसारखं टोक वाढतं आणि ते कुक्षिवृंताला कवेत घेतं. हळदीत परागकोशाच्या तळाशी दोन काटे असतात. सोनटक्क्यात यातलं काहीच नाही, नुसता लांब दांडा. या खुणांवर त्याने प्रजाती वेगळ्या पाडल्या. हा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीच्या १८०७ च्या खंडात आहे, आणि 'झिंजिबर ऑफिसिनाले' हे नाव त्यातच पहिल्यांदा छापलं गेलं.

सव्वादोनशे वर्षं होत आली. आल्याचं ते नाव बदललेलं नाही.

११ सप्टेंबर

१८०६ च्या शेवटापासून १८०७ च्या मेपर्यंतचा काळ. पुस्तिकेचा कणा हाच. आजचा सगळा दिवस याच्यावर गेला.

नोव्हेंबर १८०६. लिव्हरपूलची निवडणूक. रॉस्कोच्या मित्रांनी त्याला उभं केलं. मतदार फक्त शहराचे नोंदलेले 'फ्रीमेन'. समोर बॅनॅस्टर टार्लटन, अमेरिकन युद्धातला सेनानी, गुलाम-व्यापारी घराण्यातला, संसदेत त्या व्यापाराची उघड बाजू मांडणारा. रॉस्को निवडून आला, टार्लटन पडला. त्याच महिन्यात एका लंडन मासिकात रॉस्कोची मुलांसाठीची कविता छापून आली, फुलपाखराच्या मेजवानीची. आपल्या धाकट्या मुलासाठी लिहिलेली, नुसती गंमत, उपदेश औषधालाही नाही. इंग्लंडमधल्या मुलांच्या पुस्तकांना त्या कवितेने नवं वळण दिलं.

डिसेंबर १८०६ च्या अखेरीस लेलँड भागीदारीतून बाहेर पडला. लगेच १८०७ मध्ये त्याने स्वतःची पेढी काढली.

२३ फेब्रुवारी १८०७. गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या विधेयकावर कॉमन्स सभागृहात मतदान. बाजूने २८३, विरुद्ध १६. रॉस्को त्या चर्चेत बोलला. लिव्हरपूलचा रहिवासी म्हणून तीस वर्षं मी या अमानुष व्यापाराचा निषेध करत आलो आहे आणि आज इथे त्याविरुद्ध आवाज उठवता येतोय हे माझं भाग्य, असा त्याचा आशय. भाषणात आणखीही होतं. ज्या व्यापाऱ्यांचं यात नुकसान होईल त्यांना भरपाई द्यावी असं तो म्हणाला, आणि ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी काढून पूर्वेकडचा व्यापार खुला केला तर लिव्हरपूलला नवा मार्ग मिळेल, असंही. पकडून नेलेल्या माणसांना भरपाई द्यावी, हा विचार त्या सभागृहात कुणाच्याही बोलण्यात नव्हता. रॉस्कोच्याही नाही. पुस्तिकेत हे वाक्य मी मुद्दाम असंच ठेवलंय.

२५ मार्चला राजाची संमती मिळाली. एप्रिलअखेर संसद विसर्जित झाली.

२ मे १८०७. रॉस्को लिव्हरपूलला परतला. घोड्यांवर बसलेल्या मित्रांनी त्याला मिरवणुकीने गावात आणलं. कॅसल स्ट्रीटवर लाठ्या घेतलेला जमाव वाट अडवून उभा होता, त्यात काम गेलेले खलाशी बरेच. मारामारी झाली, एक घोडा मेला. रॉस्कोला निवडणुकीतून माघार घ्यावी लागली. मित्रांनी तरी त्याचं नाव पुढे केलं, पण उपयोग झाला नाही. टार्लटन पुन्हा खासदार झाला.

त्या खलाशांबद्दल मला राग येत नाही. त्यांना त्या जहाजांवर मरायलाच पाठवत. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या तापाने खलाशी भराभर मरत. त्यांच्या हातात लाठ्या कुणी दिल्या, हा खरा प्रश्न.

३० सप्टेंबर

गणपतीत काम थांबलं होतं. परत सुरू.

फेब्रुवारीतलं ते भाषण आणि आल्याला नाव देणारा खंड हे दोन्ही १८०७ चं, हे वर्गात सांगितलं. एका मुलाने विचारलं, मग गुलाम सुटले का? नाही. १८०७ च्या कायद्याने नवी माणसं पकडून विकणं बंद झालं. आधीच गुलाम असलेली माणसं आणि त्यांची मुलं मळ्यांवर राबतच राहिली. ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी संपवणारा कायदा १८३३ साली झाला, आणि रॉस्को १८३१ मध्येच वारला. हे उत्तर पुस्तिकेत घातलं. वाचणाऱ्याला हा प्रश्न पडणारच.

पूर्वेकडच्या व्यापाराचा मुद्दा इथेच जोडला. १८१३ च्या सनदी कायद्याने कंपनीची भारताच्या व्यापारातली मक्तेदारी गेली. लिव्हरपूलची जहाजं थेट मुंबई-कलकत्त्याला येऊ लागली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचं कापड आपल्या बाजारात येऊन पडलं. त्याचे परिणाम आपल्या कोष्ट्यांनी भोगले. रॉस्कोला ते दिसणं शक्य नव्हतं. आपल्याला मात्र दिसतं, तेव्हा दोन वाक्यं तरी हवीतच.

१५ ऑक्टोबर

बँक बुडाली ते प्रकरण.

नेपोलियनशी युद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये भाव कोसळले, व्यापार बसला. प्रांतांमधल्या बँका एकामागून एक कोलमडू लागल्या. २५ जानेवारी १८१६ ला रॉस्को-क्लार्कांच्या बँकेने पैसे देणं थांबवलं. कागदावर मालमत्ता देण्यापेक्षा जास्त होती, पण ती जमिनीत आणि खाणींमध्ये अडकलेली. दारात ठेवीदार उभा असताना कोळशाची खाण विकून पैसे देता येत नाहीत. रॉस्कोचा स्वतःचाही पैसा असाच गुंतलेला. लिव्हरपूल आणि मँचेस्टरच्या मध्ये चॅट मॉस नावाची अफाट दलदल आहे, ती कोरडी करून शेतीखाली आणायचा त्याचा कित्येक वर्षांचा उद्योग. चर खणून पाणी काढायचं, माती आणि चुना भरायचा, पैसा घालतच राहायचा. आमच्या खाजणातला बांध राखणाऱ्या कुणालाही ही ओढ लगेच कळेल.

धनकोंनी मुदत दिली. रॉस्कोने स्वतःहून पुस्तकं, छापचित्रं, चित्रं विकायला काढली. सक्ती व्हायच्या आधीच. उन्हाळ्यात ग्रंथसंग्रहाचा लिलाव कितीतरी दिवस चालला आणि पाच हजारांहून अधिक पौंड आले. त्याने आपल्या अभ्यासाची पुस्तकं वेगळी काढून ठेवली नाहीत. मित्रांनी लिलावात त्यातली निवडक विकत घेतली आणि परत द्यायला आले. त्याने घेतली नाहीत. ती पुस्तकं अथेनियममध्ये गेली, आजही तिथेच आहेत. आरंभीच्या इटालियन चित्रांचा संग्रह शहरातल्या विद्यासंस्थेने ठेवून घेतला. लंडनमध्ये त्या काळी अशा जुन्या चित्रांना फारसं कुणी विचारत नव्हतं. त्यातलं सिमोने मार्तिनीचं १३४२ सालचं चित्र आज लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत आहे. बारा वर्षांचा येशू, हात घट्ट बांधून, आईबापांसमोर उभा.

तरी देणं फिटेना. १८२० मध्ये काही धनको अडून बसले आणि दिवाळखोरी जाहीर झाली. अटक होईल म्हणून काही काळ तो चॅट मॉसवरच्या शेतघरातच राहिला. सदुसष्ट वर्षांचा माणूस. पुढे सुटका झाल्यावर मित्रांनी वर्गणी काढून २,५०० पौंडांचा निधी त्याच्या कुटुंबासाठी बांधला.

वाणिज्य विभागातले एक सर हा भाग वाचून म्हणाले, हे मी वर्गात वापरणार. रोखता म्हणजे काय हे पोरांना आकड्यांनी कळत नाही, या बँकेवरून कळेल.

२० नोव्हेंबर

दिवाळी झाली. हळदीची पानं पिवळी पडायला लागली.

दिवाळं निघालेला माणूस पुढे काय करतो? रॉस्कोने दोन कामं केली. एक तुरुंगांचं. १८१९ मध्ये त्याने शिक्षापद्धतीवर पुस्तक लिहिलं होतं. फाशीच्या विरोधात, आणि शिक्षेचा हेतू माणूस सुधारणं हा असावा या बाजूने. तो विषय त्याने मरेपर्यंत सोडला नाही.

दुसरं आमचं. १८२४ ते १८२८ या काळात हप्त्याहप्त्याने आलेला, आल्याच्या कुळावरचा मोठा चित्रग्रंथ. हाताने रंगवलेली ११२ चित्रं, प्रती जेमतेम १५०, छपाई लिव्हरपूलची. नमुने कलकत्त्याहून नथॅनिएल वॉलिकने पाठवलेले. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या विल्यम कॅरी या मिशनऱ्याचीही लिव्हरपूलच्या बागेशी झाडांची देवघेव होती. हाच तो कॅरी ज्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मोडीत छापलेला मराठी कोश काढला. आपल्या जंगलातल्या कुंभ्याचं शास्त्रीय नाव 'कॅरिया' त्याच्यावरूनच. सगळी माणसं एकमेकांना कंद पाठवत होती. जमिनीखाली धुमारे पसरावेत तसं.

चित्रं स्कॅनवर पाहिली. कचोऱ्याचं पान, मधल्या शिरेवरचा जांभळा पट्टा, अगदी आमच्या वाफ्यातला.

९ डिसेंबर

पाट्यांचा मजकूर पक्का केला. हिमालयातल्या एका प्रजातीला जेम्स एडवर्ड स्मिथ या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०६ मध्ये मित्राच्या नावाने 'रॉस्कोया' म्हटलं. जांभळ्या फुलाची, थंड डोंगरउतारावरची. आयुर्वेदातल्या अष्टवर्गातली काकोली म्हणून हल्ली तिच्याकडे बोट दाखवतात. आमच्या दमट हवेत ती येणार नाही, तेव्हा पुस्तिकेत फक्त चित्र.

रश्टनची चौकट राहिली, घातली.

२० जानेवारी २०२४

हळद काढली. मुलांनी गड्डे धुऊन मांडले. पुस्तिकेच्या कच्च्या प्रतीचं सामूहिक वाचन झालं आणि एका मुलीने असा प्रश्न विचारला की त्याचं उत्तर छापल्याशिवाय पुढे जाता येईना. रॉस्कोची बँक बुडाली, मग लेलँडच्या बँकेचं काय झालं?

लेलँड १८१४ आणि १८२० मध्ये पुन्हा महापौर झाला. १८२० म्हणजे रॉस्कोची दिवाळखोरी जाहीर झाली तेच वर्ष. १८२७ मध्ये तो मेला तेव्हा लिव्हरपूलमधल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक होता. त्याची 'लेलँड अँड बुलिन्स' पेढी त्याच्यामागे जवळपास पाऊणशे वर्षं टिकली. १९०१ मध्ये ती नॉर्थ अँड साउथ वेल्स बँकेत गेली, ती १९०८ मध्ये लंडन सिटी अँड मिडलंड बँकेत, आणि मिडलंड आज एचएसबीसीचा भाग आहे. रॉस्को ३० जून १८३१ ला लिव्हरपूलमध्येच वारला. रेनशॉ स्ट्रीटच्या युनिटेरियन चॅपेलच्या आवारात त्याला पुरलं. चॅपेल आता नाही. त्या जागी छोटी सार्वजनिक बाग आहे, रॉस्को गार्डन्स.

मुलगी म्हणाली, सर, हे शेवटी टाकू नका, बँकेच्या भागातच टाका, तिथेच वाचायला हवं. तिचं बरोबर होतं. मजकूर तिकडे हलवला, दोन पानं वाढली, आणि संध्याकाळी फाइल छापखान्यात दिली.